सव्वापट गल्ली

इवलीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त मतदारयादीला आणि घरपट्टीच्या बिलाला ठाऊक होतं. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती, की थोरल्या भावाने तिच्याकडे बघून विचारलं होतं, "ही इवली मोठी कधी होणार?" मोठी ती फारशी झालीच नाही. पन्नाशी उलटली तरी बसथांब्यावर मागून कुणीतरी "ए मुली, जरा सरक" म्हणायचं, आणि तिने मान वळवली की बिचारं ओशाळून जायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. लहान असण्याचे फायदे तिच्याइतके कुणाला कळणार?

मोठ्या गोष्टी लहान करणं हाच तिचा धंदा होता. कुणाला इमारत बांधायची असली की ती आधी इवलीच्या टेबलावर उभी राहायची. पुठ्ठ्याच्या भिंती, पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या, भांडी घासायच्या स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून केलेली झाडं. ही झाडं वाळायला दोरीवर चिमट्यांनी टांगलेली असत. मागच्या खोलीच्या खिडकीतून वारा आला की ते उलटं टांगलेलं रान हळूहळू झुलायचं. इवली ब्लेड हातात धरून तिकडे बघत राही.

काम करता करता ती तिथे राहायला जायची. दुसरा शब्द नाही. जिना चिकटवला की ती तो चढून बघायची. गच्चीचा कठडा लावला की त्यावर कोपर टेकून उभी राहायची. खालून रस्ता कसा दिसतो, दुपारी ऊन कुठल्या खोलीत येतं, शेजारीण भांडखोर निघाली तर तिचा आवाज कुठल्या भिंतीतून येईल, हे सगळं तिला आतून कळायचं. वहिनी दारातून हाक मारून दमायच्या. मग म्हणायच्या, "आज कितव्या मजल्यावर आहेस? खाली उतर, जेवण निवतंय."

वहिनी म्हणजे त्या थोरल्या भावाची बायको. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता. तो गेल्यापासून या दोघीच त्या घरात राहत होत्या. गल्लीच्या डाव्या हाताचं, तीन दगडी पायऱ्यांचं ते घर अर्धं वहिनींच्या नावावर होतं आणि अर्धं इवलीच्या. वहिनींची जीभ तिखट आणि पाय दुखरा. पायाची जखम भरता भरत नव्हती, म्हणून दवाखान्यातली एक तरुण सिस्टर एक दिवसाआड येऊन पट्टी बदलून जायची.

इवलीच्या धंद्यात एक रीत आहे. जी इमारत विकायची, तिला रंग द्यायचा, झाडं लावायची, दारात माणसं उभी करायची. तिच्या आजूबाजूला जे आधीपासून आहे, त्याचे मात्र नुसते पांढरे ठोकळे करायचे. ना दार, ना खिडकी. या ठोकळ्यांना कारागीर 'मुकी घरं' म्हणतात. बघणाऱ्याची नजर नव्यावर राहावी, जुन्यात अडकू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. इवलीने आयुष्यभरात शेकडो मुकी घरं कापली होती, आणि त्यांच्याबद्दल कधी विचार केला नव्हता. ठोकळ्यात कोण राहायला जाणार?

त्या वर्षी गाव कालव्यापलीकडे सरकायला लागलं. जुन्या वीटभट्टीच्या माळावर एका बिल्डरने मोठी वसाहत काढली. एवढी घरं, एवढी माणसं येणार म्हटल्यावर पाण्याची नवी टाकी हवी, कालव्यावरचा पूल रुंद हवा, शाळेला वर्ग हवेत. प्रश्न एवढाच होता, की पैसे कुणी द्यायचे. नगरपालिकेपुढे दोन वाटा होत्या. एक, सगळ्या गावाची घरपट्टी वाढवायची. दोन, जो नवी घरं बांधतो त्याच्याकडून दर घरामागे विकास शुल्क घ्यायचं. बिल्डर म्हणत होता, शुल्क लावलंत तर घरं महाग होतील आणि मी पुढच्या गावात जाईन. गाव म्हणत होतं, पट्टी वाढवलीत तर आम्हीच कुठेतरी जाऊ. शेवटी जाहीर सुनावणी ठरली, आणि सुनावणीत ठेवायचं मॉडेल करायला बिल्डर इवलीकडे आला.

"इवलीताई," तो खुर्ची नाही म्हणून रंगाच्या डब्यावर बसत म्हणाला, "लोकांना आकडे कळत नाहीत, झाडं कळतात. झाडं भरपूर लावा."

"माळावर सध्या एकही झाड नाही, साहेब."

"म्हणूनच म्हणतो, भरपूर लावा."

माणूस वाईट नव्हता. पैसे वेळेवर द्यायचा आणि तिच्या कामाकडे डोळे बारीक करून, श्वास रोखून बघायचा. इवलीला तेवढं पुरे होतं. तिने काम घेतलं.

त्यानंतर चारच दिवसांनी घरपट्टीची नोटीस आली. पट्टी जवळजवळ दुप्पट करण्याचा प्रस्ताव होता, हरकत असल्यास सुनावणीला यावं. वहिनींनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली, मग चष्मा काढून तिसऱ्यांदा.

"कालव्यापलीकडच्या लोकांनी आंघोळी करायच्या आणि त्यांच्या टाकीचे पैसे आपण भरायचे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच."

"पण वहिनी, ती माणसं कुठेतरी राहणारच ना?"

"राहू देत की. मी कुठे म्हटलं त्यांनी झाडावर राहावं? आणि झाडंसुद्धा तुझीच, स्पंजची!" मग त्यांचा आवाज उतरला. "हे बघ इवली, माझी पेन्शन अर्धी, पाय अर्धा, आणि आता पट्टी दुप्पट. नाकापेक्षा मोती जड झाला. तो घरांचा दलाल येतो ना, तो उगाच येत नाही. मीच बोलावते त्याला."

इवलीने हातातलं ब्लेड खाली ठेवलं.

"तुझ्या सहीशिवाय घर विकता येत नाही, म्हणून इतके दिवस गप्प बसले," वहिनी म्हणाल्या. "सुनावणीत काय ते ठरू दे. पट्टी दुप्पट झाली, तर तू सही करायची. कबूल?"

वहिनींनी दुखरा पाय स्टुलावर ठेवला होता आणि पट्टीतून थोडं ओलं पाझरलं होतं. "कबूल," इवली म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन दोरीवरच्या झाडांखाली उभी राहिली. घर विकलं तर कुठेतरी दोन खोल्या मिळाल्याच असत्या. पण दुसऱ्यांची घरं करता करता जी बाई रोज परगावी राहून येते, तिला परतून यायला एक ठिकाण लागतं. ते हलवलं तर ती येणार कुठे? हे तिला वहिनींना सांगता आलं नसतं. धड स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

मॉडेल चार फळ्यांवर करायचं होतं. पहिल्या दोन फळ्यांवर वसाहत, तिसरीवर पूल आणि नवा रुंद रस्ता, चौथीवर तो रस्ता जिथून पुढे चौकाकडे जातो ती जुनी वस्ती. आणि ती जुनी वस्ती म्हणजे त्यांचीच गल्ली.

वसाहत उभी राहत असताना सिस्टर पट्टी बदलून झाली की मागच्या खोलीत डोकवायची. तिने तिथे घर नोंदवलं होतं. नवरा रात्रपाळीला, ती दिवसा, आणि दोघं सासूच्या घरात पडद्याआड राहत होती.

"माझी खिडकी कुठली हो, ताई?"

"कितवा मजला?"

"चौथा. टाकीच्या बाजूची."

इवलीने चिमट्याने खिडकी दाखवली. सिस्टर वाकून, एक डोळा मिटून आत बघत राहिली. खूप वेळ. आत नुसता पुठ्ठा होता, पण तिलाही तिथे राहायला जाता येतं हे इवलीच्या लक्षात आलं. अशी माणसं फार नसतात.

"पडदे लावू?" इवलीने विचारलं.

"लावा. पिवळे."

मग बाहेरच्या खोलीत वहिनींची पट्टी गुंडाळताना सिस्टर म्हणाली, "शुल्क बसलं ना, तर ते साहेब आमच्याच डोक्यावर टाकणार. मग चौथा मजला कसला नि पिवळे पडदे कसले."

"मी तर सुनावणीत उभी राहून सांगणार आहे, शुल्क बसवा म्हणून," वहिनी म्हणाल्या.

पट्टीचा पुढचा वेढा जरा जोरात बसला.

"सैल बांध गं," वहिनी कळवळल्या, "अजून बसलं नाही शुल्क!"

दोघी हसल्या, पण हसू लवकर संपलं.

चौथ्या फळीचं काम इवलीने एका सकाळी काढलं. नगरपालिकेचा नकाशा समोर होता. त्यावरून मापं घ्यायची, पांढरे ठोकळे कापायचे, चिकटवायचे. दोन दिवसांचं काम. तिने पहिला ठोकळा कापला, तो त्यांच्याच घराचा निघाला. तिने तो फळीवर ठेवला. बिनदाराचं, बिनखिडकीचं ते घर तिच्याकडे न बघता उभं राहिलं. आणि इवलीच्या हाताने तिला न विचारता त्याला दार कापलं.

दार झाल्यावर पायऱ्या आल्या. पायऱ्या आल्यावर समोरच्या शिंप्याची खिडकी दिसेना म्हणून ती कापली. खिडकी झाली तर तिच्याखाली त्याचं मशीन हवं. संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा गल्ली निम्मी जागी झाली होती.

"अगंबाई!" वहिनी कप हातातच धरून उभ्या राहिल्या. "हे तर आपलं." मग जवळ येऊन, चष्मा सावरत, "पण हे चुकलंय. मी लग्न करून आले तेव्हा शिंप्याच्या दाराशी नळ होता, इकडे. आणि ह्यांची सायकल..." त्यांनी टेबलावरची मापाची पट्टी उचलली आणि तिच्या टोकाने घराच्या भिंतीला हलकेच टेकवलं. "इथे. नेहमी इथेच लावायचे. हँडल भिंतीला घासून रंग गेला होता. मी ओरडायची."

"आठवतं मला," इवली म्हणाली.

"कर की मग."

वहिनी पट्टी टेबलावर ठेवून निघून गेल्या. इवलीने तारेची सायकल वळली. गव्हाच्या दाण्याएवढी दोन चाकं. ती भिंतीला लावल्यावर गल्लीत आवाज यायला लागले. मशीनचा खडखडाट, नळाखाली कळशीचा बदलत जाणारा सूर, कुणीतरी कुणाच्या तरी नावाने मारलेली हाक, आणि डेपोतून परतणाऱ्या दादाच्या सायकलची सैल साखळी. इवली गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि चालू लागली.

त्यानंतरचे दिवस असे गेले, की कुठलं जेवण टेबलावरच्या घरात झालं आणि कुठलं खऱ्या घरात, हे तिला सांगता आलं नसतं. नकाशा टेबलाखाली कधी गेला कळलं नाही. कुठल्या घराची किती खोली, कुठलं दार किती उंच, हे तिच्या हातापायांना पाठ होतं. ती नुसतं मनाशी माप म्हणायची, पट्टी लावायची आणि कापायची. पहिल्या दिवशीची घरंही तिने वहिनींच्या आठवणीप्रमाणे पुन्हा कापली. वहिनी रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. घर विकायचा विषय त्या खोलीत निघत नसे. तिथे वेगळेच विषय असत.

"कोळशाच्या दुकानाला दोन फळ्या होत्या, एक नाही."

"दुसरी तुटली होती ना?"

"ती नंतर. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला काय कळतंय!"

सुनावणीच्या सकाळी बिल्डरची माणसं चारही फळ्या घेऊन गेली. सभागृहाच्या मधोमध लांब टेबल मांडलं होतं. इवलीने पहिल्या तीन फळ्या एकमेकींना जोडल्या, त्या अशा बसल्या की सांधा दिसू नये. मग चौथी सरकवली, आणि तिचे हात थांबले.

पुलावरून रुबाबात आलेला रुंद रस्ता चौथ्या फळीच्या काठाशी पोचत होता आणि तिथे संपत होता. पुढे त्याला जागाच नव्हती. गल्लीची घरं दोन्ही बाजूंनी एवढी पुढे आली होती, की मधे सुतळीएवढी वाट उरली होती. उरलेला रस्ता सरळ शिंप्याच्या खिडकीत शिरत होता.

इवलीने खिशातली पट्टी काढली. तीन कडांची पट्टी, आणि प्रत्येक कडेवर वेगळं प्रमाण. एका कडेने घर लहान उतरतं, दुसरीने जरा मोठं. तिने पट्टी गल्लीवर धरली आणि तिला कळलं. वसाहत एका कडेने मोजली होती, गल्ली दुसरीने. सगळी गल्ली सव्वापट मोठी झाली होती. पट्टी कुणी उचलली होती आणि खाली ठेवताना ती उलटी कधी पडली, तेही तिला त्याच क्षणी आठवलं. पण वहिनी तेव्हा सभागृहाच्या दारातून काठी टेकत आत येत होत्या, आणि इवलीने ते मनातच ठेवलं. ते कुणालाच सांगायची गरज नव्हती. कारागिराने पट्टी बघूनच हातात घ्यायची असते.

"इवलीताई," बिल्डर तिच्या कानाशी आला. त्याचा चेहरा पुठ्ठ्यासारखा पांढरा झाला होता. "माझा रस्ता कुठे गेला?"

तिला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण लोक आले. लोकांनी वसाहतीची झाडं बघितलीच नाहीत. गल्लीतले सगळे चौथ्या फळीभोवती गोळा झाले. "हे माझं दार!" "ही बघ माझी पायरी!" शिंपी आता म्हातारा झाला होता, तो आपल्या मशीनकडे बघून नुसता हसत राहिला. गल्लीत नसलेले लोकही बोटं दाखवू लागले. मग कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, पण रस्ता बसतच नाही! हे बघा! वसाहत होऊच शकत नाही!"

गलका झाला. "नाहीच बसत!" "परवानगी रद्द करा!" बिल्डर ओरडत होता, "माप चुकलंय, हे चुकीचं आहे!" आणि गल्ली ओरडत होती, "आता चुकीचं का? तुम्हीच करून आणलंत ना?"

अध्यक्षबाई म्हणजे चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या मालकीण. गावातलं प्रत्येक दुखणं त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे फार वेळ ओरडायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी टेबलावर पेन आपटलं. "मॉडेल कुणी केलंय? इवली? तू सांग. रस्ता बसतो की नाही?"

इवलीने समोर बघितलं. वहिनी पहिल्या रांगेत, हनुवटी काठीवर टेकून बसल्या होत्या. दोन शब्द बोलायचे होते. 'नाही बसत.' मग वसाहत अडली असती, पूल अडला असता, पट्टी अडली असती, आणि घर राहिलं असतं. मागच्या रांगेत गणवेशातली सिस्टर उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली. पिवळे पडदे दुसऱ्या फळीवर, चौथ्या मजल्यावर होते. इवलीला तिथून ते नीट दिसत होते.

"बसतो," इवली म्हणाली. "गल्ली एवढी मोठी नाही. माझ्या हातून मोठी झाली."

मागून कुणीतरी 'फितूर' असं पुटपुटलं. बिल्डरने एवढा मोठा श्वास सोडला, की स्पंजची झाडं हलली.

"पण खऱ्या मापाने," इवली पुढे म्हणाली, "डाव्या बाजूच्या सगळ्या पायऱ्या काढाव्या लागतील. तेव्हाच बसतो."

"निघतील की पायऱ्या," बिल्डर म्हणाला. "त्यात काय!"

"पायऱ्या काढायचा आणि गल्लीतला रस्ता करायचा खर्च कुठे धरलाय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तो माझ्या हद्दीबाहेर आहे," बिल्डर म्हणाला.

नगरपालिकेचा अधिकारी खाकरला. "तो घरपट्टीच्या वाढीत धरलेला आहे, मॅडम."

वहिनी काठीवर जोर देऊन उठल्या. "म्हणजे आमचेच दात," त्या म्हणाल्या, "आमच्याच पैशाने पाडायचे!"

आधी हशा झाला. मग हशा ओसरला आणि त्याखालून शांतता वर आली. अधिकाऱ्याने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्याच्या आकड्यांत काही चूक नव्हती. फक्त ते असं कुणी मोठ्याने म्हणून दाखवलं नव्हतं.

त्या शांततेत सिस्टर बोलली. "मावशींचं खरं आहे. पण सगळं शुल्कात घातलंत, तर ते आम्हीच भरणार. साहेब नाही भरणार. आम्हीसुद्धा कुणी नागोबा नाही."

वहिनींनी वळून तिच्याकडे बघितलं. 'नागोबा' हा शब्द पट्टी बांधता बांधता तिच्या कानावर पडला असणार. वहिनी हळूच खाली बसल्या.

"एका गोळीने दोघांचं दुखणं जाणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दोन वेगळ्या द्याव्या लागतील. आणि दोन्ही थोड्या कडू."

मग चहा झाला, पुन्हा बोलणं झालं, बिल्डर दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आला. दुपार कलताना ठरलं ते असं. पूल, टाकी आणि गल्लीतला रस्ता नव्या लोकांमुळे लागतात, त्यांचा खर्च शुल्कातून व्हायचा. मात्र शुल्क एकदम मागायचं नाही. जशी एकेक इमारत तयार होईल तसं घ्यायचं, म्हणजे बिल्डरला व्याजाने पैसे काढून ते घराच्या किमतीत भरावे लागणार नाहीत. शाळा सगळ्यांच्याच मुलांची, ती घरपट्टीतून. पट्टी वाढणार, पण दुप्पट नाही, आणि तीही हळूहळू. शिवाय जे स्वतःच्या घरात राहतात, त्यांनी वाढलेला भाग आत्ता भरायचा नाही. कधी घर विकलं, तर त्या वेळी तो किमतीतून एकदम वळता होईल.

"म्हणजे राहिलं तर कमी, विकलं तर जास्त?" वहिनींनी शेजारच्या शिंप्याला विचारलं. तो अजून आपल्या मशीनकडेच बघत होता.

बिल्डर फळ्या उचलायला आला. "इवलीताई, माझी वाट लावलीत."

"वाटच तर बसत नव्हती, साहेब."

त्याला हसू आलं, ते त्याने गिळलं. "चौथी फळी पुन्हा करून द्या. खऱ्या मापाची. आणि तिचे पैसे मिळणार नाहीत."

"नकोच आहेत."

"आणि मुकी घरं करा."

"ते जमणार नाही," इवली म्हणाली. त्याने वाकून तारेच्या सायकलकडे बघितलं, डोळे बारीक करून, श्वास रोखून. "बरं," तो म्हणाला.

वसाहतीतल्या घरांची किंमत थोडी चढलीच. सिस्टरने चौथा मजला सोडला आणि पहिल्या मजल्यावरचं, मागच्या अंगाचं लहान घर घेतलं. तिथून टाकी दिसत नाही, शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. एक आठवडा ती न बोलता पट्टी बदलून गेली. इवलीने एकदा विचारलं, "पडदे खाली आणू?" तर म्हणाली, "राहू देत तिथेच. कुणीतरी येईलच ना त्या घरात." ते बोलणं इवलीच्या मनाला लागून राहिलं, आणि त्यावर काही उपाय नव्हता. वहिनींनी पुढच्या खेपेला जखमेबद्दल एवढे बावळट प्रश्न विचारले, की सिस्टरला बोलावंच लागलं.

दलाल आला तेव्हा इवली मागच्या खोलीत चौथी फळी करत होती, या वेळी पट्टीची कड दोनदा बघून. गल्ली पहिल्यापेक्षा लहान होत होती. प्रत्येक दार कापताना थोडं काहीतरी कमी पडत होतं. डाव्या बाजूच्या दारांना पायऱ्या नव्हत्या.

बाहेर वहिनींनी दलालाला चहा दिला. मग गल्लीत कोण विकतंय, कुणाच्या मुलांची भांडणं लागलीत, चौकातलं दुकान कितीला गेलं, हे सगळं एकेक करून काढून घेतलं. कप रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "आमचं मात्र विकायचं नाही."

"अहो आजी! तुमच्या दारापुढे रस्ता होणार. पायऱ्या जाणार. गाड्या, धूळ, हॉर्न... आज किंमत आहे, उद्या नसेल."

"धूळ पुसायला मी आहे. हॉर्न ऐकू येण्याइतके कान राहिले नाहीत."

"आणि चढणार कशा घरात? पायऱ्यांशिवाय?"

"ते माझं मी बघेन."

"मग इतके महिने मला चहा कशाला पाजलात?"

"एकटीला चहा गोड लागत नाही," वहिनी म्हणाल्या, "आणि माझी नणंद दिवसभर घरी नसते."

दलाल गेला. त्याची पावलं पायऱ्यांवरून उतरली आणि गल्लीत विरून गेली. वहिनींनी आतल्या बाजूला तोंड करून विचारलं, "इवली, ऐकलंस का? की आहेस आपली तिकडेच?"

"ऐकलं," इवली म्हणाली.

पण ती तिकडेच होती. लहान गल्लीत संध्याकाळ झाली होती, शिंप्याचं मशीन थांबलं होतं, आणि ती आपल्या दारापुढे उभी होती. उंबरठा तिच्या कमरेएवढा वर होता. तिने इकडेतिकडे बघितलं. कुणी बघत नव्हतं. मग ती लहानपणी ओट्यावर चढायची तशी दोन्ही हात टेकून, एक उडी मारून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.